उघडता येईल तीच घे

पुणे,
रविवार

चि. सायलीस,


ताईकडून निरोप मिळाला आणि तू पाठवलेले दोन्ही फोटो नीट मोठे करून पाहिले. इंटर्नशिपच्या पहिल्या पैशांतून गेम खेळायची फाइट स्टिक घ्यायची ठरवलीस, याचा मला फार आनंद झाला. तू विचारलंस, "मामा, दोन्हींतली कुठली?" फोनवर नुसतं नाव सांगून मोकळा झालो असतो. पण वर्षभराने बटण अडकायला लागेल, लिव्हर सैल वाटेल, तेव्हा त्या नावाचा तुला काही उपयोग होणार नाही. म्हणून सविस्तर लिहितो. सवडीने वाच आणि मगच पैसे भर.

एक गोष्ट आधी मनाशी पक्की कर. स्टिक घेतली म्हणून कोणी जिंकायला लागत नाही. २०१४ साली लास वेगासला झालेल्या इव्हो स्पर्धेत अल्ट्रा स्ट्रीट फायटर ४ चं विजेतेपद लुफी या नावाने खेळणाऱ्या फ्रेंच खेळाडूने मिळवलं, तेव्हा त्याच्या हातात पहिल्या प्लेस्टेशनचा जुना पॅड होता. तेव्हा रँक वाढेल म्हणून स्टिक घेणार असशील तर पैसे बँकेत राहू दे. पॅडवर अंगठा दुखतो, चारही बटणांवर चार बोटं ठेवून खेळावंसं वाटतं, आणि दिशा हाताच्या पंजाने देण्यातली मजा हवीशी वाटते, असं असेल तर मात्र जरूर घे. तुझ्या बाबतीत या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, हे मला ठाऊक आहे.

आता ते फोटो. पहिली स्टिक दिसायला देखणी आहे. दिवे आहेत, चकचकीत कडा आहेत. पण तळाकडून काढलेल्या फोटोत मला एकही स्क्रू दिसला नाही, रबराचे पाय चिकटवलेले आहेत आणि बटणांचा आकार कुठल्याच प्रचलित मापाशी जुळत नाही. दुसरी काळी, साधी, जराशी बोजड. तिच्या तळाला सहा स्क्रू आहेत, बटणं ३० मिलीमीटरची आहेत, आणि विकणाऱ्याने आतला फोटो दिलाय त्यात लिव्हरमधून पाच पिनांचा कनेक्टर निघालेला स्वच्छ दिसतो. दुसरीच घे. यात मला तिळमात्र शंका नाही.

कारण सांगतो. जपानमधल्या आर्केडच्या यंत्रांवर जी मापं रूढ झाली, तीच आज घरगुती स्टिकमध्येही चालतात. सान्वा डेन्शी आणि सेइमित्सु ही त्यातली दोन मोठी नावं. मोठी बटणं ३० मिलीमीटरची, स्टार्टसारखी छोटी २४ ची. सान्वाच्या जेएलएफ लिव्हरला पाच पिनांची वायर असते, चार दिशांच्या चार आणि एक ग्राउंडची. हे जिथे जुळतं, तिथे आतले स्वस्त भाग एकेक करून काढता येतात आणि चांगले बसवता येतात. आज कमी पैशांत पेटी घे, पुढच्या स्टायपेंडला लिव्हर, त्याच्या पुढच्याला बटणं. बंद पेटीत हे काहीच करता येत नाही. एक मायक्रोस्विच गेला की सगळी वस्तू भंगारात.

लिव्हरच्या पोटात काय असतं ते समजून घे, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. वर गोळा, त्याला जोडलेला पोलादी दांडा, मधे एक टेकू, खाली स्प्रिंग, स्प्रिंगखाली ॲक्ट्युएटर नावाचा प्लॅस्टिकचा गोल तुकडा आणि त्याच्या चारी बाजूंना चार मायक्रोस्विच. टेकू मधे असल्याने तराजूच्या दांडीसारखं होतं: वरचं टोक डावीकडे गेलं की खालचं उजवीकडे जातं. म्हणजे तू डावीकडे ढकलतेस तेव्हा उजवीकडचा स्विच दाबला जातो. वायर जोडताना पहिल्यांदा सगळेच इथे गोंधळतात, तू गोंधळू नकोस. दोन शेजारचे स्विच एकदम दाबले गेले की तिरपी दिशा. आणि सगळ्यात खाली असते गेट, म्हणजे दांड्याने कुठवर जायचं ती सीमा. सोबत आलेली गेट बहुधा चौकोनी असते.

यात दोन अंतरं वेगवेगळी आहेत आणि लोक ती एकच समजतात. दांडा हलायला लागल्यापासून स्विच 'टिक' होईपर्यंतचं एक अंतर. तिथून पुढे गेटला आदळेपर्यंतचं दुसरं. पहिलं अंतर कमी असेल तर लिव्हर चटकन ऐकतो. दुसरं जास्त असेल तर हात उगीच लांब जातो आणि परत यायला वेळ लागतो. तक्रार कुठल्या अंतराची आहे हे कळल्याशिवाय एकही भाग मागवायचा नाही.

आणि ते कळतं कसं? ट्रेनिंग मोडमध्ये जाऊन इनपुटची पट्टी चालू कर. तू टेकनमध्ये रेना हे पात्र खेळतेस, म्हणजे तिची 'इलेक्ट्रिक' ही चाल शिकते आहेस: पुढे, न्यूट्रल (म्हणजे दांडा मध्यावर), खाली, मग खाली-पुढे आणि त्याच फ्रेमला बटण. टेकन सेकंदाला ६० फ्रेमने चालतो, म्हणजे ती तिरपी दिशा आणि बटण एका सेकंदाच्या साठाव्या भागात एकत्र पडायला हवेत. चाल फसली की पट्टीकडे बघ. पुढे आणि खाली यांच्यामधला न्यूट्रल गायब आहे का? मग दांडा मध्यावर वेळेत परतत नाहीये. जाड स्प्रिंग घालून पाहा. तिरपी दिशा येतच नाही, नुसतं खाली येतं? मग हात कोपऱ्यापर्यंत पोचत नाही; इथे गेट आणि पकड दोन्ही तपासायच्या. सगळ्या दिशा अगदी बरोबर आहेत पण बटण एक फ्रेम उशिरा पडतंय? मग लिव्हरला दोष देऊ नकोस, तो सरावाचा भाग आहे आणि कुठल्याही दुकानात विकत मिळत नाही. स्ट्रीट फायटर खेळायला बसशील तेव्हा आणखी एक दिसेल. खालून पुढे पाव वर्तुळ काढताना शेवटी 'वर' येतं आणि पात्र उडी मारतं. तो हात गरजेपेक्षा पुढे गेल्याचा पुरावा.

दोन्ही बाजूंनी करून पाहा, डावीकडे उभं राहून आणि उजवीकडे उभं राहून. माणसाचा पंजा दोन्ही दिशांना सारखा वळत नाही. एका बाजूची चूक दुसऱ्या बाजूला दिसत नसेल तर लिव्हर ठीक आहे, मनगट शिकायचं आहे.

गेटबद्दल फार वाद ऐकशील. अष्टकोनी घातली की आठही दिशांना खाच लागते आणि नवशिक्याला बरं वाटतं. माझं मत चौकोनीच्या बाजूने आहे. चौकोनीत चार कोपरे म्हणजे चार तिरप्या दिशा; कोपऱ्यात गेला की तिरपी दिशा नक्की आली, एवढं एकच हाताला शिकवायचं असतं. अष्टकोनीच्या खाचेवर हात विसंबायला लागतो आणि वेगात त्याच खाचेत अडकतो. पण हे माझं मत. गेट स्वस्त असते, खाचेतून अलगद सुटते, बदलायला पाच मिनिटंही लागत नाहीत. पुढेमागे दोन्ही घेऊन पाहा. फक्त स्प्रिंग आणि गेट एकाच दिवशी बदलू नकोस. दोन्ही एकदम बदललीस तर सुधारणा कशाने झाली, बिघाड कशाने झाला, काहीच कळणार नाही. एक बदल, मग पंधरा दिवस तेवढ्यावरच खेळ. नव्या स्प्रिंगवर पहिले दोन दिवस सगळ्यांचाच खेळ बिघडतो, त्या दोन दिवसांत निर्णय करायचा नाही.

तू टेकनचीच आहेस म्हणून कोरियन लिव्हरचं सांगायला हवं. कोरियातल्या आर्केडमध्ये वेगळ्याच घडणीचा लिव्हर रुजला. त्यात स्प्रिंगऐवजी रबराची जाड चकती दांड्याला मध्याकडे खेचते, चौकोनी गेट नसते आणि वर गोळ्याऐवजी उभट मूठ असते. दांडा सोडला की फटकन मध्यावर येतो. मागे, मागे, मग खाली-मागे, पुन्हा मागे, अशी जी माघार सगळं जग 'कोरियन बॅकडॅश' म्हणून ओळखतं, तिला हा झटका फार सोयीचा. नी या नावाने खेळणारा बे जे-मिन वर्षानुवर्षं अशा लिव्हरवर खेळला. पण लगेच तिकडे धावू नकोस. एक तर हा लिव्हर पेटीत खाली जास्त उतरतो, तेव्हा आतली खोली मोजल्याशिवाय मागवायचा नाही. दुसरं, रबर काळाने मऊ पडतं आणि बदलावं लागतं, म्हणजे पुन्हा पाठवणावळ. आणि पाव वर्तुळं फिरवायला गेटची कड धरून जाणाऱ्या हाताला तो सुरुवातीला परका वाटतो. वर्षभर जपानी लिव्हरवर खेळ, जाड स्प्रिंग घालून पाहा, आणि तरीही न्यूट्रल निसटत असेल तर मग कोरियन.

तू विचारलं नाहीस, पण लिव्हरच नसलेली पेटी हाही पर्याय आहे. दिशांना चार बटणं, त्यातलं 'वर' अंगठ्याखाली. हिट बॉक्स नावाच्या अमेरिकन पेटीने ही रचना रुळवली आणि आज मोठमोठ्या स्पर्धांत ती सर्रास दिसते. तुमच्या पिढीची बोटं कीबोर्डवर वाढलेली आहेत, त्यामुळे तुला ती लिव्हरपेक्षा सोपी जाईल अशी दाट शक्यता आहे. हे फुकटात तपासता येतं: आठवडाभर लॅपटॉपच्या कीबोर्डवरच टेकन खेळ, 'वर'साठी स्पेसबार लाव. हात तिकडे ओढला तर माझ्या लिव्हरप्रेमापायी मन मारू नकोस. फक्त एक लक्षात ठेव, डावी-उजवी बटणं एकदम दाबली तर पेटीने काय समजायचं याचे स्पर्धांचे नियम असतात आणि ते बदलत राहतात. स्पर्धेला जाशील तेव्हा त्या वर्षीचा नियम वाचूनच सेटिंग कर.

मला लिव्हरची ओढ का, हे तुला माहीत असेल. आमच्या वेळी घरात कन्सोल नव्हते. गल्लीतल्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये टोकन टाकून 'मुस्तफा' खेळायचो. त्या गेमचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉमचा १९९३ चा, हे फार नंतर समजलं. मग आला किंग ऑफ फायटर्स ९७, आणि पार्लरची गर्दी रस्त्यावर आली. त्याला चार बटणं, तुझ्या टेकनलाही चार. स्ट्रीट फायटरला सहा लागतात, तीन ठोशांची, तीन लाथांची. आठ बटणांची पेटी घेतलीस की सगळंच भागतं.

बटणांचं थोडक्यात. सान्वाची हलकी, बोट नुसतं टेकलं तरी दाबली जातात; सेइमित्सुची थोडी घट्ट. तू बोटं बटणांवर टेकवून बसतेस, तेव्हा तुला घट्ट बरी. आता तू हॉस्टेलवर आहेस आणि तुझी रूममेट दहाला झोपते. सान्वाची आवाज न करणारी बटणंही मिळतात, पण तोवर बटणाच्या पोटात पातळ फोमची चकती कापून घाल आणि पेटीच्या तळाला आतून फोम चिकटव. निम्मा आवाज रिकाम्या पेटीच्या घुमण्याचाच असतो. बटण बसवण्याचे दोन प्रकार असतात हेही पाहून घे. दाबून बसणारी बटणं पातळ पत्र्यात धरतात. जाड ॲक्रिलिक किंवा लाकडात ती धरत नाहीत, तिथे मागून नट फिरवून बसवायची बटणं लागतात.

आता पेटी उघडण्याचं. घाबरायचं काही नाही, यूएसबीचे पाच व्होल्ट आहेत. पण उघडण्याआधी केबल काढ. मग झाकण सावकाश उचल, कारण काही पेट्यांत वायरी झाकणाला ताणलेल्या असतात. पहिलं काम म्हणजे मोबाइलवर आतले फोटो काढणं, चारी बाजूंनी. नंतर एका वेळी एकच बटण: जुन्याला वायरी जोडणारे दोन लग काढ, नव्याला लाव, मग पुढचं. सगळे लग एकदम काढून ठेवू नकोस. लग ओढताना वायरीला धरून ओढायचं नाही, लगच्या मुळाशी धरून हलकेच डोलवत काढायचा. सान्वा-सेइमित्सुच्या बटणांना २.८ मिलीमीटरचे लग लागतात. बाजारात सहज मिळणारे ४.८ चे मोठे असतात, ते दाबून चेपून बसवू नकोस, खेळताना निसटतील.

प्रत्येक बटणाच्या दोन वायरींपैकी एक ग्राउंडची असते आणि ती एकाकडून दुसऱ्याकडे अशी साखळीने गेलेली असते. एकाच वेळी तीन-चार बटणं बंद पडली तर बटणं मेली असं समजू नकोस. साखळीतला एखादा लग सुटलेला असतो आणि त्याच्या पुढची सगळी बटणं गप्प होतात. मल्टिमीटर कंटिन्युइटीला लावून शोध. लिव्हरच्या वायरींच्या रंगांवरही विसंबू नकोस, उत्पादक बदलला की रंग बदलतात. मीटरने विचारायचं.

लिव्हरचा गोळा काढायचा तर खालून दांड्याच्या टोकाला खाच असते, तिथे चपटा स्क्रू ड्रायव्हर धरून वरून गोळा उलटा फिरव. स्प्रिंग बदलायची तर दांड्याच्या खालच्या टोकाची ई-क्लिप काढावी लागते. ती उडते. पलंगाखाली गेली की सापडत नाही, म्हणून ते काम एखाद्या मोठ्या पारदर्शक पिशवीत हात घालून कर. टेकूला वंगण म्हणून सिलिकॉन ग्रीस, तेही बोटाच्या टोकावर मावेल एवढंच. शिलाई मशीनचं तेल किंवा डब्ल्यूडी-४० मारू नकोस. तेल वाहत जाऊन स्विचमध्ये शिरतं, त्यावर धूळ बसते, आणि आपल्या पावसाळी हवेत त्याचा चिखल होतो.

बोर्ड, म्हणजे बटणांची खबर लॅपटॉपला देणारा भाग. या पेटीतला जसा आहे तसा आधी वापर. पुढे बदलावासा वाटला तर रास्पबेरी पाय पिको घे. २०२१ मध्ये तो चार डॉलरला बाजारात आला आणि हौशी लोकांचं जग बदललं. त्यावर जीपी२०४०-सीई नावाचं मोफत सॉफ्टवेअर चढतं. बूटसेल बटण दाबून धरून केबल लावायची, पिको पेन ड्राइव्हसारखा दिसतो, त्यात फाइल टाकायची, झालं. सोल्डरिंग तुला कॉलेजात शिकवलेलंच आहे. 'झिरो डिले' नावाने विकले जाणारे स्वस्त बोर्ड मात्र टाळ, पिकोपुढे ते सावकाश आहेत. पीसीवर पिको बिनतक्रार चालतो. उद्या प्लेस्टेशन ५ घेतलास तर अडचण येईल, कारण तिथे सोनीची परवानगी असलेलीच उपकरणं ओळखली जातात. त्यासाठी ब्रुकसारख्या कंपन्यांचे वेगळे बोर्ड आणि अडॅप्टर मिळतात. पण पीएस ५ नाही तोवर त्यावर खर्च नको.

वजनाकडे दुर्लक्ष करू नकोस. हलकी पेटी मांडीवर सरकते, आणि सरकणाऱ्या पेटीला दुसऱ्या हाताने आवरत खेळणारा नेमक्या वेळी चुकतो. फॅब्रिकेशनच्या दुकानातून तळाच्या मापाची लोखंडी पट्टी कापून आण, कडा घासून घे, तिच्यावर इन्सुलेशन टेप गुंडाळ आणि बोर्डापासून दूर, तळाला पक्की बसव. सैल लोखंड सोल्डरला टेकलं तर बोर्ड जाईल. मांडीवर ठेवणार नसशील तर टेबलाची उंची अशी हवी की कोपर काटकोनात राहील आणि मनगट कडेवर दाबलं जाणार नाही. बोटांत मुंग्या आल्या तर त्याच क्षणी थांब. सामना अर्धा राहिला तरी चालेल.

सुटे भाग परदेशातून मागवताना कस्टम ड्युटी आणि पाठवणावळ धरूनच हिशेब कर, पुष्कळदा ती भागाच्या किमतीला गाठते. म्हणून सगळं एका खेपेत मागवावं, मैत्रिणींपैकी कोणाला काही हवं असेल तर तेही. लग, वायर, हीट श्रिंक, स्क्रू यांसाठी बाहेर जायची गरज नाही. इथे बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळतं, मुंबईला जाणार असशील तर लॅमिंग्टन रोडवर. २.८ चे लग मी इथून घेऊन ठेवतो. तेवढंच जरा शोधावं लागतं.

तर दुसरी, काळी पेटी मागव. आली की उघडून आतल्या बोर्डाचा आणि लिव्हरच्या तळाचा फोटो मला पाठव, आणि पट्टीने झाकणापासून तळापर्यंतची आतली खोली मोजून कळव. तुझ्या पंजाचंही माप दे, मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. त्यावरून गोळा ठेवायचा की उभट मूठ लावायची ते ठरवू. स्प्रिंगची मागणी मी त्यानंतरच नोंदवेन. ट्रेनिंग मोडमधली इनपुटची पट्टी दोन्ही बाजूंनी रेकॉर्ड करून तीही जोडशील.

आईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा